‘कसं झालंय?’ : हौशी लेखन, मैत्री आणि अभिप्रायाची नीती

१

कोल्हापुरातील मंगळवार पेठेच्या एखाद्या गल्लीत राहणारे दोन मित्र कल्पावेत. दोघेही साठी ओलांडलेले, मैत्री शाळेपासूनची. एकाने उभे आयुष्य उद्यमनगरातील एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात काढले आणि निवृत्तीनंतर चार वर्षे खपून तीनशे पानांची एक कादंबरी लिहिली. दुसरा मराठीचा निवृत्त शिक्षक. वाचणारा आणि वाचलेल्याविषयी बोलणारा. पहिल्याने हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती दिले आणि पंधरा दिवसांनी चहाच्या वेळी विचारले, ‘कसं झालंय?’ कादंबरी फसलेली आहे. तिच्यातील पात्रे अन्य कादंबऱ्यांतून आली आहेत, तिची भाषा वृत्तपत्रांतील अग्रलेखांची आहे. आणखी एक तपशील असा की, ती स्वखर्चाने छापण्यासाठी लेखकाने भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

हा प्रसंग कल्पित असला तरी अपरिचित नाही. किंबहुना समाजात प्रत्यक्ष घडणाऱ्या समीक्षाव्यवहाराचा फार मोठा भाग असाच घराच्या ओसरीवर, कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत, नाटकाच्या तालमीनंतर घडत असतो. नियतकालिकांतील समीक्षा ही या अफाट व्यवहाराची मुद्रित कड म्हणता येईल. असे असूनही समीक्षाशास्त्राने या व्यवहाराचा विचार फारसा केलेला नाही. समीक्षक आणि लेखक हे एकमेकांना परके आहेत, त्यांच्यामध्ये केवळ साहित्यकृती उभी आहे, असे गृहीत धरूनच आपले बहुतेक सिद्धांत रचले गेले आहेत. या गृहीतकामुळे मित्राचा अभिप्राय ही एक अशुद्ध, म्हणून सिद्धांताच्या दृष्टीने नगण्य गोष्ट ठरते. परंतु ती नगण्य नाही. मूल्यमापन हे कोणाचे, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने होते, हा समीक्षेचा मूलभूत प्रश्न येथे जितक्या उघडपणे समोर येतो तितका अन्यत्र येत नाही.

२

प्रथम ‘हौशी’ या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत हा शब्द ‘व्यावसायिक’ या शब्दाच्या विरोधात वापरला जातो आणि त्यात दोन भिन्न अर्थ मिसळलेले असतात. एक अर्थ प्रेरणेचा आहे: जे द्रव्यासाठी केलेले नाही ते हौशी. दुसरा दर्जाचा आहे: जे कच्चे, अर्धवट, शिकाऊ आहे ते हौशी. हे दोन अर्थ एकमेकांतून निष्पन्न होत नाहीत. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने महाराष्ट्रात जी रंगभूमी उभी केली ती पहिल्या अर्थाने हौशी होती; तिने मराठी नाटकाला दिलेले नट, लेखक आणि दिग्दर्शक पाहता तिला दुसऱ्या अर्थाने हौशी म्हणणे धाडसाचे ठरेल. कोल्हापूरला या गोष्टीची साक्ष बाहेरून आणण्याचे कारण नाही. खासबागेतील केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, हे अनेक दशके या स्पर्धेचे एक केंद्र होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले तेव्हा शहरातील ज्यांचे ऊर भरून आले त्यांत ज्यांनी तेथे एकदाच कधीतरी, एखाद्या फसलेल्या नाटकात, तीन वाक्यांची भूमिका केली होती अशीही माणसे होती. हौशी कलेने जगाला काय दिले हा एक प्रश्न. ती करणाऱ्याला तिने काय दिले हा दुसरा. दोन्ही खरे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

‘हौसेला मोल नाही’ ही म्हणदेखील अशीच दुहेरी आहे. हौसेपुढे पैशाचा हिशेब करू नये, हा तिचा रूढ अर्थ. परंतु हौसेने केलेल्या गोष्टीचे मोल करूच नये, ती मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर आहे, असाही अर्थ त्या शब्दांतून निघतो आणि बहुतेक मित्र नकळत त्याचाच आधार घेतात. ‘तो कुठे ज्ञानपीठ मिळवायला बसला आहे? आनंदासाठी लिहितो. लिहू द्या.’ या युक्तिवादात सहृदयता आहे, म्हणूनच त्याची तपासणी करणे भाग आहे.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरेल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कवी म्हणून ओळखले जावे हा त्यांचा हेतूही नव्हता. त्यांच्या रचना घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूपाने आल्या. प्रेरणेच्या दृष्टीने याहून निखळ हौस आढळणार नाही. परंतु सोपानदेवांनी आणि अत्र्यांनी ‘हौसेचे मोल करू नये’ असे म्हटले असते तर मराठी कविता एका मोठ्या कवयित्रीला मुकली असती. मूल्यमापन नाकारणे हे दुबळ्या कृतीवर दयेसारखे दिसते. समर्थ कृतीवर मात्र तो उघड अन्याय होतो. आणि कृती दुबळी आहे की समर्थ, हे मूल्यमापन केल्याशिवाय कळत नाही. तेव्हा मोल करण्याचे टाळून जी दया दाखवली जाते तिच्या पोटी एक मोल आधीच, आणि तेही गुपचूप, झालेले असते.

३

मित्र आणि समीक्षक या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत, ही समजूत भारतीय काव्यशास्त्राला मान्य नव्हती. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवी आणि भावक यांचा संबंध सांगताना भावकाला एकाच वेळी कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य म्हटले आहे. ही यादी केवळ गौरवाची नाही. तिच्यातील नाती एकमेकांना दुरुस्त करणारी आहेत: स्वामीची सत्ता शिष्याच्या नम्रतेने, आचार्याची शिस्त मित्राच्या आस्थेने. त्याच ग्रंथात भावकांचे चार प्रकार येतात. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. धान्याबरोबर तृणही गिळणारा सतृणाभ्यवहारी. गुण दिसूनही न बोलणारा मत्सरी. आणि तत्त्वापर्यंत पोहोचणारा, हजारात एखादा आढळणारा तत्त्वाभिनिवेशी. हौशी लेखकाचा मित्र बहुधा सतृणाभ्यवहारी होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, राजशेखराच्या दृष्टीने हा भावकाच्या क्षमतेतील दोष आहे. तो स्नेहाचा पुरावा नव्हे.

मम्मटाने उपदेशाच्या तीन पद्धतींत भेद केला: प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कान्तासंमित. आज्ञा करणारे वेदादी शास्त्र, मित्राप्रमाणे हित समजावून सांगणारी पुराणे व इतिहास, आणि प्रियेप्रमाणे मन वळवणारे काव्य. हे वर्गीकरण काव्यासाठी आहे; पण ते अभिप्रायाला लावून पाहिले तर एक मार्गदर्शक सूत्र हाती येते. परीक्षकाचा निकाल प्रभुसंमित असतो. खुशामत ही कान्तासंमिताची विकृती होय. मित्राचा अभिप्राय सुहृत्संमित असावा: त्यात आज्ञा नसते, परंतु कारणे असतात.

मम्मटाविषयीच एक दंतकथा पंडितांत प्रचलित आहे. श्रीहर्षाने आपले ‘नैषधीयचरित’ मामा मम्मटाला दाखवले, तेव्हा मम्मटाने खेद व्यक्त केला की, हे काव्य आधी हाती आले असते तर काव्यदोषांच्या प्रकरणासाठी उदाहरणे शोधण्याचे श्रम वाचले असते. कथा ऐतिहासिक नसावी. पण ती टिकून राहिली हे अर्थपूर्ण आहे. तिच्यातील मामा विद्वान आहे, विनोदी आहे आणि कदाचित बरोबरही आहे. पण तो सुहृद नाही. त्याने भाच्याच्या काव्याकडे पाहिले ते स्वतःच्या ग्रंथाच्या गरजेतून. कठोरपणा हा प्रामाणिकपणाचा समानार्थी शब्द नाही, हे या कथेतून शिकता येते.

पश्चिमेकडे होरेसने याच प्रश्नाला ‘आर्स पोएटिका’च्या अखेरच्या भागात हात घातला आहे. ज्याला काही देणगी दिली आहे किंवा देऊ केली आहे त्याला आपल्या कविता ऐकवू नयेत, असा त्याचा सल्ला. कारण तो प्रत्येक ओळीला माना डोलावणार. त्याउलट क्विंटिलियस हा त्याचा मित्र कवीला नेमकी स्थळे दाखवून दुरुस्त करायला सांगे. आणि कवी दुरुस्तीऐवजी समर्थन करू लागला तर अधिक शब्द न दवडता त्याला त्याच्या आत्मप्रेमात एकटा सोडून देई. क्षुल्लक गोष्टीवरून मित्राला का दुखवावे, या सबबीचाही होरेस समाचार घेतो. त्याच्या मते या क्षुल्लक गोष्टींचे परिणाम क्षुल्लक राहत नाहीत. लेखक एकदा लोकांच्या उपहासाचा विषय झाला की मित्राचे मौन त्याला वाचवत नाही. मराठीत याचा दाखला ‘झेंडूची फुले’ने (१९२५) पुरवला. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी एकमेकांच्या सहवासात कविता वाचत; परस्परस्तुतीचा आरोप त्यांच्यावर झाला. त्या आरोपात तथ्य किती हा वेगळा विषय. पण मित्रमंडळाबाहेर अत्र्यांचे विडंबन वाट पाहत होते, हे मात्र खरे.

४

मंगळवार पेठेच्या परिसरात या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या दोन परंपरा शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. एक खासबागेच्या कुस्ती मैदानाची, दुसरी १८८३ पासून चालत आलेल्या गायन समाज देवल क्लबची.

तालमीत जोडीदार मित्रच असतो. रोज त्याच्याशी लढत करायची, त्याच्याच हातून मातीत पडायचे. सरावात मित्राला मुद्दाम पडू देणारा पैलवान त्याचे नुकसान करतो, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण मैदानात समोर उभा राहणारा परका ही सवलत देणार नसतो. मैफलीत याच्या उलट. तेथे उमलत्या गायकाला मिळणारी दाद ही निकाल नसते. ती गाण्याचाच एक भाग असते. एखादी जागा साधली की ‘वाहवा’ उमटते, न साधलेल्या जागी श्रोते मौन पाळतात. दाद नेमकी असेल तर तिच्यातूनच दोषही कळतो.

शिक्षकाने तालमीतल्या जोडीदारासारखे वागावे की मैफलीतल्या श्रोत्यासारखे? दोन्ही उपमा काही अंतर जाऊन थांबतात. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल सर्वांना दिसतो. पाडणाऱ्याला ‘तू पडलास’ असे सांगावे लागत नाही. कादंबरीची पाठ कोठेही टेकत नाही. तिचे अपयश कोणाच्या तरी वाचनात आणि मग कोणाच्या तरी शब्दांतच अस्तित्वात येते. म्हणून साहित्यातील अप्रिय अभिप्राय केवळ वस्तुस्थितीचे निवेदन म्हणून उरत नाही. ऐकणाऱ्याला ती त्याला पाडण्याची क्रिया वाटते. मैफलीची उपमाही अपुरी पडते. कारण तेथील मौनाला अर्थ असतो, तर ‘कसं झालंय?’ या प्रश्नापुढील मौनाला एकच अर्थ उरतो, आणि तो क्रूर असतो. कोल्हापुरी बोलीने यावर ‘नाद खुळा’, ‘लै भारी’ असे उपाय काढले आहेत. त्यांत आपुलकी खरी असते. पण ते बोलणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी सांगतात, कृतीविषयी काहीच सांगत नाहीत.

५

अडचणीचे मूळ प्रश्नातच आहे. ‘कसं झालंय?’ या दोन शब्दांत किमान तीन प्रश्न एकवटलेले असतात. पहिला कृतीविषयी: ही कादंबरी कशी आहे? दुसरा कर्त्याविषयी: मी लेखक आहे का, ही चार वर्षे वाया तर गेली नाहीत? तिसरा नात्याविषयी: तुला माझी कदर आहे ना? परका समीक्षक फक्त पहिल्याचे उत्तर देतो. बाकीचे त्याला विचारलेलेच नसतात. मित्राला तिन्ही विचारलेले असतात. खोटी स्तुती करणारा मित्र तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर पहिल्याचे उत्तर म्हणून देतो: ‘तू मला प्रिय आहेस’ याऐवजी ‘कादंबरी उत्तम आहे’ म्हणतो. उलट, कठोर मित्र पहिल्याचे उत्तर अशा रीतीने देतो की, ते दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचेही वाटावे. दोघांचाही नैतिक दोष एकच: एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवणे.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ज्याला लेखक म्हणून पुढे काही करायचे नाही, ज्याचे वय शिकण्याचे राहिलेले नाही, त्याला सत्य सांगून कोणते हित साधते? सत्य हे उपकारक असेल तरच देय आहे. येथे ते निरुपयोगी, म्हणून केवळ दुखवणारे आहे. या आक्षेपात तथ्यांश आहे. तथापि त्यात एक गृहीतक दडले आहे: विचारणारा हा उत्तर ऐकण्यास समर्थ नाही. कान्टने ‘सद्गुणमीमांसे’त (१७९७) मैत्रीचे वर्णन प्रेम आणि आदर यांचा समतोल असे केले आहे. प्रेम माणसांना जवळ ओढते, आदर त्यांच्यात योग्य अंतर राखतो. मित्राचे दोष दाखवणे हे प्रेमाचे कर्तव्य आहे. परंतु ज्याचे दोष दाखवले जातात त्याला त्यात आदराचा अभाव दिसतो, हा पेच त्याने ओळखला होता. या पेचाची दुसरी बाजू अशी की, दोष न दाखवणे हाही आदराचाच अभाव असू शकतो. लहान मुलाच्या चित्राचे आपण कौतुक करतो, कारण त्याला अद्याप कारणे देता-घेता येत नाहीत. साठी ओलांडलेल्या माणसाला तेच कौतुक देणे म्हणजे कारणांच्या देवघेवीतून त्याला वगळणे होय. त्याने तीनशे पाने मित्राच्या हाती दिली तेव्हाच तो त्या देवघेवीत उतरला होता.

मात्र या उत्तराला मर्यादा आहे आणि ती काळाची आहे. क्विंटिलियसची दुरुस्ती प्रकाशनापूर्वीची. पुस्तक छापून झाल्यावर, प्रती नातेवाइकांत वाटल्यावर विचारलेल्या ‘कसं झालंय?’ला तेच उत्तर देणे हे सत्यनिष्ठेपेक्षा स्वतःच्या अभिरुचीचे प्रदर्शन ठरण्याचा संभव अधिक. तेव्हाही खोटे बोलण्याची गरज नाही. तीनशे पानांत खरी उतरलेली चार पाने शोधून त्यांच्याविषयी बोलता येते. परंतु ती शोधण्यासाठी तीनशेही पाने वाचावी लागतात, आणि पुष्कळदा खोट्या स्तुतीमागे दयेपेक्षा न वाचण्याचा आळसच असतो.

६

मित्रांच्या अभिप्रायाचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १८४९ सालच्या सप्टेंबरमधील आहे. तोवर काही उल्लेखनीय प्रसिद्ध न केलेल्या फ्लोबेअरने ‘सेंट अँथनीचे प्रलोभन’ ही आपली कृती लुई बुइये आणि माक्सिम द्यु कां या मित्रांना क्रोआसे येथील घरी वाचून दाखवली. वाचन चार दिवस, सुमारे बत्तीस तास चालले. अखेरपर्यंत कोणी काही बोलायचे नाही असे ठरले होते. शेवटी मित्रांनी सांगितले की, ती आगीत टाकावी आणि पुन्हा तिचे नाव काढू नये. ही हकिकत द्यु कांच्या आठवणींतून आली आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागते. पुढे १८५१ साली फ्लोबेअरने ‘मादाम बोव्हारी’ लिहायला घेतली. त्यामुळे ही कथा कठोर मैत्रीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा उत्तरार्ध विसरला जातो: फ्लोबेअरने ते हस्तलिखित जाळले नाही. तो त्या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळला आणि १८७४ साली नव्या रूपात ती कृती त्याने प्रसिद्ध केली.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मित्रांना बोलण्याचा अधिकार मिळाला तो बत्तीस तासांच्या ऐकण्याने. दोन, ते कृतीविषयी कदाचित बरोबर होते, पण तिच्या भवितव्याविषयी चुकले. ‘हे असे आहे’ म्हणणे त्यांच्या अधिकारात होते. ‘हे जाळ’ म्हणणे नव्हते. कृतीचे मूल्यमापन करता येते. एखाद्याने लिहावे की लिहू नये याचा निवाडा करण्याचा अधिकार मैत्रीतून येत नाही. वरील तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर मित्राकडे नसतेच. ते लिहिणाऱ्याला पुढच्या लेखनातूनच मिळते.

स्तुतीच्या बाबतीतही एक निकष सुचवता येईल आणि त्याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. १९३८ पासून कोल्हापुरात स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकरांनी कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली स्वतः प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. कुसुमाग्रज तेव्हा तिशीचे होते. येथे स्तुती करणाऱ्याने आपल्या अभिप्रायामागे स्वतःचे नाव आणि स्वतःचे द्रव्य तारण ठेवले होते. खरी प्रशंसा ही प्रशंसा करणाऱ्यालाही बांधून घेते. ‘छापून टाक, लोक डोक्यावर घेतील’ असे सांगणारा मित्र काहीच तारण ठेवत नाही. त्याच्या उदारपणाची किंमत दुसरा चुकती करणार असतो. प्रत्येकाने मित्राची कादंबरी पदरमोड करून छापावी असा याचा अर्थ नाही. मी ही प्रशंसा माझ्या नावाने छापू देईन काय, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुष्कळ शब्द ओठांवरच थांबतील.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. मित्राचा अभिप्राय या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला असतो. तो केवळ कृतीपुरता बोलला तर समोर बसलेल्या माणसाला विसरतो. केवळ माणसापुरता बोलला तर त्या माणसाने चार वर्षे कशासाठी घालवली हेच विसरतो. हा ताण नाहीसा करणे शक्य नाही. तो ओळखून बोलणे शक्य आहे.

७

मंगळवार पेठेतील त्या शिक्षकाकडे परतावे. त्याने पंधरा दिवसांत कादंबरी दोनदा वाचली आहे असे समजू. नायकाचे शहरातील प्रेम, त्याचा क्रांतिकारक भाऊ, अखेरचा मृत्यू हे सारे उसने आहे. पण मध्यावर एक चाळीस पानांचा भाग असा आहे की, त्यात दिवाळीच्या बोनसचा ताळा जुळत नाही म्हणून एक हिशेबनीस रात्रभर कारखान्यात बसून राहतो. तेथे भाषा एकाएकी साधी होते. कोणत्याही पुस्तकातून न आलेली एक भीती तेथे आहे. शिक्षकाने त्या चाळीस पानांपासून आरंभ करणे युक्त ठरेल. दुखणे हलके करण्याची ही क्लृप्ती म्हणून नव्हे, तर बाकीची पाने का फसली याचे कारण तीच चाळीस पाने सांगतात म्हणून. मग बाकीच्याविषयीही त्याला बोलावे लागेल, आणि तेही स्थळे दाखवून. पैशाचा प्रश्न त्याने वेगळा काढून, वेगळ्या वेळी, वाङ्मयीन मताच्या आडून न बोलता मित्र म्हणून सरळ विचारावा: ‘एवढी रक्कम गेली तर चालणार आहे का?’ आणि लिहीत राहावे की थांबावे याविषयी त्याने काहीही सांगू नये.

याने मैत्री टिकेलच असे नाही. कदाचित चहा थंड होईल, हस्तलिखित परत पिशवीत जाईल आणि काही महिने ती गल्ली ओलांडली जाणार नाही. कदाचित पुस्तक तसेच्या तसे छापलेही जाईल; तो लेखकाचा अधिकार आहे, आणि प्रकाशन समारंभाला पहिल्या रांगेत बसणे हे मग शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यात विसंगती नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने चहाच्या वेळी दिले होते. हे तिसऱ्याचे उत्तर आहे.